इंटरफेरॉन : अमृत नव्हे, औषध!

फ्ल्यूने आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विचारून पाहा. ताप विषाणूने आणला, हाडे विषाणूने ठणकवली, तोंडाची चव विषाणूने घालवली, असे म्हणून तो त्या अदृश्य वैऱ्याच्या नावाने बोटे मोडील. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही; पण सर्वस्वी खरेही नाही. घशात आणि छातीत विषाणू धुडगूस घालतो हे खरेच. परंतु हुडहुडी भरणे, अंग मोडून निघणे, अन्नावरची वासना उडणे आणि साऱ्या जगाचा कंटाळा येणे, यांतला बराच मोठा वाटा विषाणूचा नसून त्याच्याशी झुंजणाऱ्या आपल्याच शरीराचा असतो. वाड्यात चोर शिरला म्हणजे त्याच्या पावलांचा आवाज तो कितीसा होणार? झोपमोड होते ती घरच्यांच्या आरडाओरड्याने, दिव्यांच्या धावपळीने आणि धाडधाड लागणाऱ्या दारांनी. फ्ल्यूत आपली जी दशा होते ती बहुतांशी अशीच.

शरीरातली ही हाकाटी ज्या द्रव्यांमुळे होते, त्यांतल्या एका प्रमुख द्रव्याचे नाव 'इंटरफेरॉन'. याला पुरावा अगदी साधा आहे. निरोगी माणसाला शुद्ध इंटरफेरॉन टोचले, तर शरीरात एकही रोगकारक विषाणू नसताना काही तासांत त्याला थंडी वाजून ताप भरतो आणि अंग ठणकू लागते.

आता सहज मनात येते की, शरीर स्वतःच्या रक्षणासाठी जे द्रव्य निर्माण करते, तेच बाटलीत भरून रोग्याला देता आले तर? या एका प्रश्नाभोवती जगातल्या शास्त्रज्ञांनी गेली साठ-सत्तर वर्षे घालवली. या काळात इंटरफेरॉनला कधी अमृत म्हटले गेले, कधी थोतांड. मी पेशाने मराठीचा अध्यापक. प्रयोगशाळेशी माझा संबंध कॉलेजच्या मधल्या जिन्यावर येणाऱ्या वासापुरताच. तरी या द्रव्याशी माझी जवळून ओळख झाली ती एका सहकाऱ्याच्या आजारपणात. ती हकीकत ओघाने येईलच. आधी मूळ कथा.

अंड्यातले कोडे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. विषाणूंच्या बाबतीत हे म्हणणे बरेचसे खरे आहे, हे शास्त्रज्ञांना १९३० नंतरच्या दशकात कळून चुकले होते. एखाद्या प्राण्याला एका विषाणूची लागण झाली असेल, तर त्याच वेळी दुसऱ्या विषाणूचा त्याच्यात सहसा जम बसत नाही. पहिला दुसऱ्याच्या कामात मोडता घालतो. पण तो कसा घालतो, हे कोडे काही उलगडत नव्हते.

लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत अॅलिक आयझॅक्स नावाचे ग्लासगोचे डॉक्टर फ्ल्यूच्या विषाणूवर संशोधन करीत होते. १९५६ साली त्यांच्याकडे ज्याँ लिंडेनमन हा तरुण स्विस शास्त्रज्ञ दाखल झाला. दोघांनी मिळून एक प्रयोग केला. तो इतका सोपा आहे की, माझ्यासारख्या वाङ्मयाच्या माणसालाही समजावा.

कोंबडीच्या अंड्यात पिलाभोवती एक पातळ पडदा असतो. त्या पडद्याचे तुकडे त्यांनी घेतले आणि उष्णतेने निर्जीव केलेल्या फ्ल्यूच्या विषाणूंबरोबर ते काही तास ठेवले. मग ते तुकडे काढून टाकले आणि उरलेल्या पाण्यासारख्या द्रवात पडद्याचे नवे, ताजे तुकडे घातले. या नव्या तुकड्यांवर त्यांनी जिवंत विषाणू सोडले. एरवी अशा पडद्यावर फ्ल्यूचा विषाणू मनमुराद वाढतो. येथे तो वाढेना! अर्थ उघड होता. पहिल्या तुकड्यांतल्या पेशींनी त्या द्रवात असे काहीतरी सोडले होते, की ज्यामुळे दुसऱ्या तुकड्यांतल्या पेशी सावध झाल्या होत्या.

इंग्रजीत मोडता घालण्याला जो शब्द आहे त्यावरून त्यांनी या द्रव्याचे नाव 'इंटरफेरॉन' ठेवले. १९५७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आशियाई फ्ल्यूची साथ साऱ्या जगाला हैराण करीत होती, हा एक योगायोगच. न्यायाची गोष्ट म्हणून येथे आणखी दोन नावे सांगितली पाहिजेत. जपानात नागानो आणि कोजिमा या दोघांना सशाच्या कातडीवरील प्रयोगांत असेच विषाणुरोधक द्रव्य १९५४ सालीच आढळले होते. पण त्यांचा निबंध फ्रेंच नियतकालिकात छापला गेला आणि जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

या द्रव्याची कार्यपद्धती आज चांगली कळली आहे. विषाणू हा परान्नपुष्ट. त्याला स्वतःचे घर नाही, चूल नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच भांड्याकुंड्यांनी आपली प्रजा वाढवतो. ज्या पेशीत तो शिरला ती बहुधा वाचत नाही. पण मरता मरता ती इंटरफेरॉन सोडून शेजाऱ्यांना हाक देते. ती हाक ऐकताच शेजारच्या पेशींत शेकडो जनुके जागी होतात. कोणी विषाणूचा संदेश कापून काढणारी कात्री तयार ठेवते, कोणी चूलच विझवून टाकते, म्हणजे प्रथिने बनवण्याचे काम थांबवते. विषाणू येतो तो बंद दारावर आपटतो. मुख्य गोष्ट ही की, इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारीत नाही. ते फक्त हाक देते, आणि लढतात त्या पेशी.

थेंबाथेंबाने

पेनिसिलिनने जगाला वेड लावले होते तो हा काळ. न्यूमोनियासारखे जीवघेणे आजार त्याने आटोक्यात आणले होते. पण विषाणूंपुढे पेनिसिलिनची मात्रा चालत नाही. तेव्हा इंटरफेरॉन हे विषाणूंचे पेनिसिलिन ठरणार, अशी आशा उत्पन्न झाली तर नवल नाही. १९६० साली तर अमेरिकेतल्या 'फ्लॅश गॉर्डन' या चित्रकथेत परग्रहावरच्या विषाणूने पछाडलेले अंतराळवीर इंटरफेरॉनच्या सुईने वाचतात! प्रत्यक्षातल्या माणसाला ते मिळण्यापूर्वीच चित्रातल्या माणसाला मिळाले.

प्रत्यक्षात मात्र अडचणींचा डोंगर होता. पहिली अडचण अशी की, कोंबडीचे इंटरफेरॉन माणसाला चालत नाही. माणसासाठी ते माणसाच्याच पेशींतून काढावे लागे. दुसरी अडचण, पेशी ते इतके थोडे तयार करतात की, शुद्ध स्वरूपात डोळ्यांना दिसेल एवढेही जमेना. ज्या वस्तूचा कणही दाखवता येत नाही तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? काही टीकाकार तिला चेष्टेने 'मिसइंटरप्रिटॉन' म्हणू लागले. आपण मराठीत 'गैरसमजॉन' म्हणू! आयझॅक्स १९६७ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. आपल्या शोधाचे चीज झालेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

या पडत्या काळात इंटरफेरॉनला जगवले ते फिनलंडच्या कारी कँटेल यांनी. हेलसिंकीत रेड क्रॉसच्या रक्तपेढीत रोज रक्त जमा होई. त्यातल्या तांबड्या पेशींचा उपयोग होता. पांढऱ्या पेशी वाया जात. कँटेल यांनी त्या मागून घेतल्या. माणसाला अपाय न करणारा सेंडाई नावाचा विषाणू त्यांच्यात सोडून त्यांनी पेशींना इंटरफेरॉन तयार करायला लावले. हजारो दात्यांच्या रक्तातून थेंबाथेंबाने जमवलेल्या या औषधातही खरे इंटरफेरॉन शंभरात एक भागसुद्धा नसे. बाकी सारी इतर प्रथिने. तरीही वर्षानुवर्षे जगातल्या डॉक्टरांची मदार याच औषधावर होती. १९८१ साली क्यूबाच्या शास्त्रज्ञांनी हेलसिंकीला जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि मायदेशी परतून आपले इंटरफेरॉन तयार केले.

१९७३ साली इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथे स्वयंसेवकांच्या नाकात या औषधाचा फवारा मारून मग त्यांना पडशाचा विषाणू देण्यात आला. भरपूर औषध मिळालेल्यांना पडसे फारसे बाधले नाही! पडशावर औषध सापडले म्हणून आनंद झाला. पण तो टिकला नाही. पुढे औषध मुबलक झाल्यावर दीर्घकाळ फवारा मारून पाहिला, तेव्हा नाकाची आग होऊ लागली आणि रक्तही येऊ लागले. पडसे परवडले पण औषध नको, अशी गत झाली.

आशेचा बाजार

याच सुमारास इंटरफेरॉनचे नाव एका अधिक भयंकर रोगाशी जोडले गेले. तो रोग म्हणजे कर्करोग. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले होते की, इंटरफेरॉनमुळे गाठींची वाढ मंदावते, पेशींचे विभाजन सावकाश होते आणि शरीरातल्या मारेकरी पेशी अधिक जोमाने कामाला लागतात. स्टॉकहोमच्या हान्स स्ट्रँडर यांनी कँटेल यांचे औषध घेऊन हाडांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार सुरू केले. हा रोग बहुधा कोवळ्या मुलांना होतो आणि त्या काळी पाय कापूनही फार थोडी मुले वाचत. स्ट्रँडर यांच्या रुग्णांचे निकाल बरे वाटले. मात्र त्यांनी आपल्या रुग्णांची तुलना केली ती जुन्या नोंदींतल्या रुग्णांशी. एकाच वेळी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले नव्हते.

वाचकांनी हा बारकावा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सारे रामायण त्यावरून घडले. १९७८ साली अमेरिकेच्या कर्करोग संस्थेने चाचण्यांसाठी वीस लाख डॉलर मंजूर केले. वर्तमानपत्रे रंगली. मार्च १९८० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर इंटरफेरॉन झळकले. रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांना फोन करून औषधाची भीक मागू लागले. आणि औषध तर मूठभरही नव्हते.

तेवढ्यात मोठी कामगिरी झाली. झुरिचचे चार्ल्स वाइसमन यांनी जानेवारी १९८० मध्ये जाहीर केले की, माणसाच्या इंटरफेरॉनचे जनुक त्यांनी एका साध्या जंतूत बसवले असून तो जंतू आता इंटरफेरॉन तयार करतो आहे! आपल्या आतड्यात राहणाऱ्या कोलाय जंतूंच्या जातीचाच हा जंतू. मोठ्या हौदांत असे जंतू वाढवले की, रक्तपेढीपुढे ओंजळ पसरण्याचे कारण उरत नव्हते. जपानात तानिगुची यांनी दुसऱ्या प्रकारच्या इंटरफेरॉनचे जनुक असेच हस्तगत केले. कारण तोवर कळले होते की, इंटरफेरॉन एक नव्हे, ते एक कुटुंबच आहे. आल्फा, बीटा, गॅमा अशी त्यातली भावंडे, आणि एकट्या आल्फाचेच डझनभर प्रकार.

औषध हाती आले आणि आशेचा फुगा फुटला. स्तनाच्या, फुप्फुसाच्या, आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना ते रीतसर देऊन पाहिले, तेव्हा फारच थोड्यांना गुण आला. उलट, औषधात अशुद्ध प्रथिने आहेत म्हणून ताप येतो अशी जी समजूत होती तीही खोटी ठरली. शुद्ध इंटरफेरॉननेही ताप येतच होता. ज्या वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांनीच आता त्याला खाली आपटले.

पण विज्ञानाचे काम बातम्यांबरोबर संपत नाही. १९८४ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगाची हकीकत प्रसिद्ध केली. या रोगातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली केसाळ दिसतात. त्यांनी अशा सात रुग्णांना इंटरफेरॉन दिले होते आणि सातही जणांना गुण आला. तिघांच्या बाबतीत तर रोगाची खूणही उरली नाही. १९८६ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला औषध म्हणून जी पहिली मान्यता मिळाली ती याच रोगासाठी. साऱ्या कर्करोगांवरचा रामबाण म्हणून ज्याची मिरवणूक निघाली, त्याला अखेर एका कोपऱ्यातल्या रोगात मानाची जागा मिळाली. रक्ताच्या दुसऱ्या एका दीर्घकालीन कर्करोगातही त्याने अनेकांचे आयुष्य वाढवले. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी येईपर्यंत तेथे त्याचे राज्य होते.

चोवीस आठवडे

इंटरफेरॉनचे खरे रणांगण मात्र निघाले यकृत. रक्त घेतल्यानंतर कित्येकांना एक प्रकारची कावीळ होई. ती 'अ' नव्हे आणि 'ब'ही नव्हे, म्हणून तिला नावही तसेच नकारात्मक होते. १९८६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी अशा दहा रुग्णांना इंटरफेरॉन दिले, तेव्हा बहुतेकांच्या यकृताचा दाह उतरला. आश्चर्य असे की, त्या वेळी या रोगाचा विषाणू कोणी ओळखलेलाही नव्हता. तो १९८९ साली सापडला आणि त्याला 'हिपॅटायटिस सी' हे नाव मिळाले. हा विषाणू वीस-वीस वर्षे गुपचूप यकृतात राहतो. माणूस हिंडतो, फिरतो, नोकरी करतो. आणि एके दिवशी पोटात पाणी होते, तेव्हा कळते की यकृत दगड झाले आहे. काहींना पुढे यकृताचा कर्करोगही होतो. म्हणजे येथे विषाणूला हाकलणे हाच कर्करोगाला अटकाव होता. विषाणू आणि कर्करोग या दोन शत्रूंसाठी इंटरफेरॉनची जी ख्याती झाली होती, ती एकाच अवयवात खरी ठरली.

आमच्या महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना २००८ साली हाच रोग असल्याचे निदान झाले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेत त्यांना रक्त द्यावे लागले होते. तेव्हा रक्तपेढ्यांतून या विषाणूची तपासणी होत नसे. डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे चोवीस आठवडे इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि जोडीला रिबाव्हायरिनच्या गोळ्या सांगितल्या. एका इंजेक्शनला हजारो रुपये पडत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली. बरे, एवढे करूनही रोग जाईलच याची हमी नव्हती. नुसत्या इंटरफेरॉनने शंभरातले जेमतेम पंधरा-वीस रुग्ण बरे होत. रिबाव्हायरिनची जोड मिळाल्यावर ते प्रमाण चाळिसाच्या आसपास गेले. शरीरात अधिक काळ टिकणारे सुधारलेले इंटरफेरॉन २००१ साली आल्यावर निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण बरे होऊ लागले. आपल्या देशात विषाणूचा तिसरा प्रकार अधिक आढळतो आणि त्याला हे औषध बरे लागू पडते, एवढाच काय तो दिलासा.

औषधाच्या खोक्यात बारीक इंग्रजी अक्षरांतला एक भला मोठा कागद असे. एके संध्याकाळी त्यांच्या पत्नी तो घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, तुम्ही भाषेची माणसं. यात काय लिहिलंय ते मला समजेल असं मराठीत करून द्या," म्हणाल्या. "डॉक्टरांना किती वेळा विचारायचं? आणि ह्यांना विचारावं, तर हे काही सांगत नाहीत."

मी तो कागद घेऊन बसलो. ताप, अंगदुखी, केस गळणे, भूक मंदावणे, रक्तातल्या पेशी घटणे, हे सारे उतरवायला कठीण नव्हते. पण पुढे एक परिच्छेद होता. या औषधाने मन खचते, माणूस चिडखोर किंवा अबोल होतो, क्वचित त्याला जीव नकोसा होतो, असा त्याचा आशय. आजाऱ्याच्या घरात असली वाक्ये कशी द्यायची, असा मला प्रश्न पडला. 'मानसिक अस्वास्थ्य' असा एखादा गुळगुळीत शब्द घालून वेळ मारून नेता आली असती. शब्दकोशात तसे शब्द ढीगभर आहेत. पण वहिनींनी 'समजेल असं' म्हटले होते. मी लिहिले, "या औषधाने माणूस उदास होतो. बोलेनासा होतो. मरणाच्या गोष्टी काढू लागतो. असे दिसले तर तो त्याचा स्वभाव समजू नये, औषधाचा परिणाम समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे."

दहाव्या-अकराव्या आठवड्यात नेमके तेच झाले. वर्गात विनोद करून मुलांना हसवणारे आमचे सर घरात भिंतीकडे तोंड करून पडू लागले. एका रात्री म्हणाले, "उरलेले पैसे वाचवा. माझ्यावर घालू नका." दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, आजारपणाने माणूस वैतागला आहे, चालायचेच. वहिनींनी सकाळी तो कागद पर्समध्ये घातला आणि थेट डॉक्टरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांना बोलावले, जोडीला औषध दिले, आणि दर आठवड्याला भेट ठेवली. चोवीस आठवडे पुरे झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा त्यात विषाणू नव्हता.

मला या गोष्टीत माझी थोरवी सांगायची नाही. कागद माझा असला तरी डोळे वहिनींचे होते. सांगायचे ते हे, की ज्या हाकेने पेशी सावध होतात तीच हाक महिनोन् महिने चालू राहिली, तर ती मेंदूपर्यंत पोहोचते. फ्ल्यूत चार दिवस आपल्याला जगाचा कंटाळा येतो. या रुग्णांना तो सहा-सहा महिने, काहींना वर्षभर सोसावा लागला. आणि तरीही हजारो लोकांनी तो सोसला, कारण दुसरा मार्ग नव्हता.

आज तो मार्ग आहे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली. २०१५ पासून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आपल्याकडे मिळू लागल्या. अशा गोळ्यांची जोडी बहुधा बारा आठवडे घेतली की, शंभरातले पंचाण्णव रुग्ण बरे होतात; ताप नाही, उदासी नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांतून तपासणी आणि या गोळ्या मोफत मिळतात. ज्यांनी जुन्या काळी रक्त घेतले असेल, त्यांनी एकदा ही तपासणी अवश्य करून घ्यावी. हिपॅटायटिस सी च्या बाबतीत इंटरफेरॉन आता जवळजवळ निवृत्त झाले आहे. कष्टाने संसार उभा करून धाकट्यांच्या हाती किल्ल्या देणाऱ्या वडीलधाऱ्यासारखे.

वेळेची हाक

कोरोनाच्या साथीत या निवृत्ताला पुन्हा बोलावणे आले. विषाणूशी झुंजणारे द्रव्य हाताशी असताना ते का वापरू नये, हा विचार स्वाभाविकच. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह तीस देशांत मोठी चाचणी घेतली. त्यात दोन हजारांवर रुग्णांना इंटरफेरॉन देण्यात आले. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल हाती आला, तो असा की इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांना त्याचा उपयोग जवळजवळ झाला नाही. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, आपल्याकडे झायडस कॅडिला कंपनीच्या इंटरफेरॉनला तातडीचा वापर म्हणून परवानगी मिळाली होती, हे काहींना आठवत असेल.

मग इंटरफेरॉन कोरोनात निरुपयोगी का? तर तसेही नाही. त्याच २०२० साली ज्याँ-लोराँ कासानोव्हा आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट शोधून काढली. मरणाच्या दारी पोहोचलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये होती. त्यांतले ९५ पुरुष होते. आजार सौम्य झालेल्या किंवा लक्षणेच नसलेल्या ६६३ जणांत अशी प्रतिद्रव्ये एकाच्याही रक्तात सापडली नाहीत. म्हणजे हाक मारायला माणूस होता, पण कोणीतरी त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. पुढे २०२३ साली ब्राझील आणि कॅनडातल्या एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. लॅम्डा नावाच्या इंटरफेरॉनचे एकच इंजेक्शन लक्षणे दिसू लागताच आठवड्याभरात दिले, तर इस्पितळात जाण्याची पाळी येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ५.६ होते, औषध मिळालेल्यांत २.७.

याचे मर्म वेळेत आहे. चोर कुंपणाशी असताना मारलेली हाक वाडा वाचवते. चोर सारे लुटून गेल्यावर रात्रभर केलेला आरडाओरडा फक्त म्हाताऱ्यांची झोप उडवतो. गंभीर कोरोनात तर उलट बॅरिसिटिनिब या गोळीचा उपयोग झाला. इंटरफेरॉनची हाक पेशीच्या आत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेवर लगाम घालणारी ही गोळी. ती वाट शास्त्रज्ञांना सापडली तीच मुळी इंटरफेरॉनचा माग काढताना. संधिवाताच्या रुग्णांना आज ज्या नव्या गोळ्या दिल्या जातात, त्यांतल्या काही याच शोधाचे फळ आहेत. इंटरफेरॉनने ज्यांना स्वतः बरे केले नाही, अशांपर्यंतही त्याचे ऋण असे पोहोचले आहे.

शेवटी हिशेब

आज हिपॅटायटिस 'बी' आणि 'डी'च्या काही रुग्णांना इंटरफेरॉन दिले जाते. रक्त प्रमाणाबाहेर दाट होण्याच्या एका दीर्घकालीन विकारात त्याच्या नव्या रूपाला २०१९ साली युरोपात आणि २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मज्जातंतूंच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात त्याचे बीटा भावंड १९९३ पासून वापरात आहे. यादी मोठी नाही, पण ती खरी आहे. त्यातल्या प्रत्येक नावामागे रीतसर चाचणी आहे.

घरात कोणाला दुर्धर रोग झाला की, चमत्काराच्या बातम्या आपोआप दाराशी येतात. कोणी कात्रण आणतो, कोणी मोबाइलवर आलेला मजकूर दाखवतो. बुडत्याला काडीचा आधार, हे खरे. पण काडी कोणती आणि ओंडका कोणता, हे पारखण्याची तीन सोपी माणके इंटरफेरॉनच्या कथेतून हाती लागतात. औषध नेमक्या कोणत्या रोगावर चालले, ते विचारावे. किती माणसांवर चालले, ते विचारावे. आणि ते न घेतलेल्यांशी त्या माणसांची तुलना केली का, तेही विचारावे. चौथा प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारायचा आहे. या औषधाने आमच्या माणसात काय बदलेल, आणि तो बदल आम्ही ओळखू का?

दिवाळीत धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो. समुद्रमंथनातून तो अमृताचा कलश घेऊन वर आला, अशी कथा आहे. पण तो कलश देवांनी घेतला आणि माणसांच्या वाट्याला आली ती औषधे. मोजून घ्यायची, वेळेवर घ्यायची, आणि घेणाऱ्याकडे कोणीतरी लक्ष ठेवायचे. आपले शरीरही इंटरफेरॉन असेच वापरते. गरज पडली की हाक देते, आणि चोर गेला की गप्प बसते.